विद्यापीठीय समित्यांची घडण : बाभुळगावच्या दृष्टीने

विद्यापीठीय समित्यांतील राजकारणाचा विचार बहुधा बैठकीच्या दिवसापासून केला जातो. ठराव कोणी मांडला, विरोध कोणी केला, मते किती पडली, हे पाहिले जाते. वस्तुतः सभासद कोणी व कसे निवडावेत हे ज्या क्षणी ठरते, त्याच क्षणी निकालाचा मोठा भाग लागलेला असतो. यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगावसारख्या तालुक्याच्या गावावरून हे अधिक स्पष्ट दिसते.

१९०४ च्या विद्यापीठ कायद्याने मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील सिनेटच्या सभासदांची कमाल संख्या १०० ठरविली. त्यांत निवडून यावयाचे केवळ २०. अलाहाबादसारख्या विद्यापीठांत ही संख्या १५ होती. उरलेल्यांपैकी बहुतेकांची नेमणूक कुलपतींकडे गेली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी कायदेमंडळात या कायद्यास विरोध केला, तो याच कारणास्तव. बहुमत आधीच नेमलेले असल्यावर सरकारला बैठकीत दडपण आणण्याची गरज उरत नाही. त्या काळी नागपूरची महाविद्यालये अलाहाबादशी संलग्न असल्याने तेथे शिकावयास गेलेल्या वऱ्हाडी विद्यार्थ्याची पदवी दूरच्या अलाहाबादेतून येई.

१९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाले आणि १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ. सत्तेचे केंद्र प्रत्येक वेळी बाभुळगावच्या अधिक जवळ आले. परंतु केंद्र जवळ येणे आणि आवाज पोहोचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

२०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांना १० जागा दिल्या व त्यांपैकी ५ राखीव ठेवल्या. तरतूद उदार आहे. परंतु पदवी मिळाली म्हणून कोणी आपोआप मतदार होत नाही. अर्ज करून यादीत नाव घालावे लागते. जेथे संघटना आहे, तेथे अर्ज गोळा होतात. तालुक्याच्या गावी शेतीत वा नोकरीत गुंतलेला पदवीधर यादीबाहेर राहतो. त्याला कोणी वगळले, असे म्हणता येत नाही. आणि त्यामुळे तक्रार कोणाकडे करावी, हेही सांगता येत नाही.

म्हणून या विषयाच्या अभ्यासकाने केवळ सभावृत्तांवर विसंबू नये. सभावृत्तांत उपस्थितांचीच भाषणे असतात. मतदारयाद्या तालुकावार लावून पाहिल्या, तर सभागृहात जे कधी आलेच नाहीत त्यांचाही इतिहास हाती लागेल.