गुत्त्याचा इतिहास

दारूच्या दुकानास आपण ‘गुत्ता’ म्हणतों. हा शब्द मूळचा दारूचा नव्हे. गुत्ता म्हणजे मक्ता. सरकारास ठराविक रक्कम देऊन एखाद्या उत्पन्नाचा ठेका घ्यावयाचा तो गुत्ता, व तो घेणारा गुत्तेदार. बाकीचे सारे गुत्ते कालांतरानें विसरले गेले आणि हें नांव मद्याच्या दुकानालाच तेवढें चिकटून राहिलें. भाषेनें येथें इतिहासकाराचें काम बजावलें आहे. एरवीं मद्यपानाचा वृत्तांत आपल्याकडे नेहमीं पिणाऱ्याच्या अंगानें सांगितला जातो. गडकऱ्यांचें ‘एकच प्याला’ पाहून आमच्या पांढरपेशा घरांतील कित्येक पिढ्यांनीं सिंधूसाठीं डोळे पुसले, सुधाकराचा धिक्कार केला, तळीरामास हंसून घेतलें. परंतु ती बाटली ज्या दुकानांतून आली त्या दुकानाचा हिशेब काय होता, हें विचारण्याचें फारसें कोणास सुचलें नाहीं. तो हिशेब थोडा चाळून पाहावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

इंग्रजी अंमल येण्यापूर्वीं कोंकणांत दारू नव्हती असें म्हणणें खोटें होईल. भंडारी माड-ताड छेदून माडी व ताडी काढीत. ठाणें जिल्ह्याच्या जंगलपट्टींतील लोक मोहाचीं फुलें वेंचून घरच्या घरीं दारू गाळीत. पण हा व्यवहार बहुधा गांवापुरता असे, आणि झाडाखालीं पडलेलीं फुलें संपलीं म्हणजे दारूही संपे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याच्या सुमारास ही व्यवस्था पालटली. जागोजागच्या लहान भट्ट्या बंद पाडून मोठ्या मध्यवर्ती भट्ट्यांतून दारू पुरविण्याची पद्धत सुरू झाली. उरणच्या भट्ट्या तर मुंबईकरांस ठाऊकच होत्या. दारूवर गॅलनामागें कर बसला, ताडीच्या झाडावर कर बसला, आणि १८९२ च्या कायद्यानें ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत मोहाचीं फुलें जमविण्यावरही निर्बंध आले. हें फूल गरिबाच्या घरीं अडीअडचणीच्या दिवसांत अन्न म्हणूनही लागे, ह्याचा विचार करण्याचें कायद्यास कारण पडलें नाहीं.

ह्या साऱ्यांत आम्हांस महत्त्वाची वाटते ती मक्त्याची अट. विक्रीचा हक्क घेणारा गुत्तेदार सरकारास आरंभींच हमी लिहून देई कीं, अमुक इतका कर मी कमींत कमी भरीन. माल कमी खपला तर येणारी तूट त्याच्या पदरची. आतां अशा माणसानें दुकान कोठें थाटावें? जेथें मजूर आठवड्याची मजुरी घेऊन बाहेर पडतो तेथें, बाजाराच्या वाटेवर, गिरणीच्या दाराशीं. उधारी द्यावी कीं नाहीं? तूट सोसण्यापेक्षां उधारी बरी. सरकारचें जाहीर सूत्र होतें, कमींत कमी खपांतून जास्तींत जास्त उत्पन्न. सूत्र कागदावर निर्दोष आहे. पण खप वाढविण्याची गरज ज्याच्या गळ्यांत बांधली, त्याच्याच हातून खप कमी होईल अशी अपेक्षा करणें म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणें होय. त्या काळीं रंगीत जाहिरातींची गरज नव्हती. हमीचा कागद हीच जाहिरात होती.

हें ओळखणारे लोक तेव्हांही होते. पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असतां महात्मा फुले ह्यांनीं १८८० सालीं शहरांत दारूचीं दुकानें काढण्यास विरोध केला. ३० एप्रिल १८८९ रोजीं सॅम्युअल स्मिथ ह्यांनीं हिंदुस्थानच्या अबकारी धोरणाविरुद्ध ब्रिटिश पार्लमेंटांत ठराव आणला व तो १०३ विरुद्ध ११३ मतांनीं संमत झाला. १९०८ सालीं पुण्यांत स्वयंसेवक गुत्त्यांपुढें उभे राहून गिऱ्हाइकांस परत फिरवूं लागले. टिळक त्यांच्या पाठीशीं होते. अधिकाऱ्यांनीं स्वयंसेवकांवरच खटले भरले. पिऊं नका असें सांगणारा गुन्हेगार, आणि प्या असें सुचविणारा परवानाधारक, असा तो उलटा न्याय होता.

पुढें १९३७ सालीं लोकांचें मंत्रिमंडळ आलें तेव्हां आरोग्य आणि अबकारी हीं दोन्ही खातीं एकाच माणसाकडे गेलीं, आणि तो माणूस डॉक्टर होता. डॉ. गिल्डर ह्यांनीं १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबईंत दारूबंदी आणली व बुडणारें उत्पन्न भरून काढण्यासाठीं शहरांतील घरांवर दहा टक्के कर बसविला. घरमालक खवळले. मद्यापासून सुटका करून घ्यावयाची तर तिचें मोल कोणीतरी भरावें लागतें, हें स्पष्ट शब्दांत सांगणारा राज्यकर्ता त्यानंतर आमच्या पाहण्यांत क्वचितच आला आहे. तीन महिन्यांत मंत्रिमंडळानें राजीनामा दिला, व बंदी पूर्णपणें आली ती १९४९ च्या कायद्यानें.

त्या कायद्यांत एक विलक्षण कलम होतें. दारू विकणेंच नव्हे, तर तिची शिफारस करणें हाही गुन्हा ठरविला होता. १९५१ सालीं बलसारा खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें कायदा बव्हंशीं कायम केला, परंतु शिफारशीचें कलम भाषणस्वातंत्र्याच्या विरुद्ध म्हणून रद्द केलें. न्यायालयाचें म्हणणें चूक होतें असें आम्ही म्हणत नाहीं; मित्रानें मित्रापाशीं मद्याची स्तुति केली तर त्यास तुरुंगांत घालणें हास्यास्पदच. पण मित्राची स्तुति आणि विक्रेत्याची स्तुति ह्यांतला भेद त्या कलमानें केला नव्हता, आणि तोच तर खरा भेद आहे.

बंदी हातभट्टीवाल्यांनीं पोखरली. १९६० नंतर ती शिथिल झाली, १९७३ पासून देशी दारू परवान्यानें मिळूं लागली, आणि साखर कारखान्यांच्या मळीला गिऱ्हाईक मिळालें. सरकार पुन्हां दुकानाच्या उत्पन्नावर अवलंबून राहूं लागलें. दूरचित्रवाणीवर मद्याची जाहिरात १९९४ च्या नियमांनीं निषिद्ध आहे. तेव्हां त्याच नांवाचा सोडा, त्याच नांवाचें पाणी, त्याच नांवाचीं गाणीं विकावयास आलीं. मूल सोड्याचें नांव पाठ करतें आणि मोठें झाल्यावर बाटली ओळखतें. फ्रान्ससारख्या द्राक्षांच्या देशानें १९९१ सालीं उलट मार्ग घेतला. काय बोलूं नये ह्याची यादी करण्यापेक्षां, मद्याचा उगम, घटक, अंश, अशा काय बोलावें ह्याचीच यादी त्यानें केली, आणि दूरचित्रवाणी व चित्रपटगृहें जाहिरातीस अजिबात बंद केलीं. कंपन्यांनीं त्या कायद्यालाही पुढें भोंकें पाडलीं. तरी आपल्या नियमांपेक्षां त्याची रचना आम्हांस अधिक शहाणपणाची वाटते.

आपल्याकडे मात्र शहाणपण खेड्यांतल्या बायकांनीं दाखविलें. गांवांतील दुकान बंद करावें कीं नाहीं ह्यावर मतदान होतें. मतपत्रिकेवर एक उभी बाटली व एक आडवी बाटली. २००८ च्या आदेशाप्रमाणें आडव्या बाटलीस एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतें लागतात, आलेल्यांच्या नव्हे. दुकान उघडण्यासाठीं एका माणसाचा अर्ज पुरतो. तें मिटविण्यासाठीं निम्म्याहून अधिक यादी मतपेटीपर्यंत चालत यावी लागते, आणि त्या दिवशीं मजुरीला गेलेली बाई, तिच्या मनांत कांहींही असलें, तरी उभ्या बाटलीकडे मोजली जाते.