हिरवं ते तुमचं, निळं ते आमचं

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर महिनाभराने सूनबाईच्या खोलीत डोकावलो, तर तिच्या काळ्या पडद्यावर निळी अक्षरं लखलखत होती. "ही कधी आणलीस?" असं विचारल्यावर ती हसायलाच लागली. "बाबा, ती पहिल्यापासून आहेत!" मी तिच्यामागे उभा राहून तो पडदा कितीदा तरी पाहिला होता, पण मला आपल्या हिरव्या ओळीच तेवढ्या दिसायच्या. वय झालं की डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं आणि निळा प्रकाश अडवतं, हे डॉक्टरांनी सांगितलं ते मग कुठे नीट कळलं.

ती घरूनच एका परदेशी बँकेच्या मेनफ्रेमवर काम करते. हे रंग कोणी ठरवले, असं विचारलं तर म्हणाली, "ते डिफॉल्ट आहेत." आता डिफॉल्ट म्हणजे कुणीतरी, कधीतरी ठरवलेलंच ना? इतिहासाच्या मास्तराला एवढं निमित्त पुरतं. चार दिवस तिचं डोकं खाल्लं, थोडं वाचलं, आणि जे हाती लागलं ते मजेदार आहे.

आयबीएमने १९७१ साली ३२७० नावाची टर्मिनलं आणली. त्यांचा मोठा पडदा २४ ओळींचा, दर ओळीत ८० अक्षरं, म्हणजे एकूण १९२० अक्षरांचा. रंग एकच, हिरवा. काम चालायचं ते आपल्या सरकारी फॉर्मसारखं. मुख्य संगणक अख्खा फॉर्म पाठवणार, कारकुनाने रिकाम्या चौकटी भरायच्या, एंटर दाबायचं, आणि ज्या चौकटींत बदल झाला तेवढ्याच परत जाणार. तारा मंदगती होत्या, त्यामुळे ही काटकसर फार मोलाची.

प्रत्येक चौकटीच्या आधी पडद्यावर एक अक्षराची जागा रिकामी दिसते. ती खरी रिकामी नसते, तिच्यात त्या चौकटीचे नियम दडलेले असतात. इथे लिहायची परवानगी आहे की नाही, फक्त आकडे चालतील की अक्षरंही, मजकूर साधा दाखवायचा, ठळक दाखवायचा की पासवर्डसारखा दाखवायचाच नाही. फॉर्मवर 'कार्यालयीन उपयोगासाठी, येथे काही लिहू नये' असं छापलेलं असतं ना, तेच. रंगाचा उल्लेख त्यात कुठेच नव्हता. असणार तरी कसा?

मग १९७९ साली ३२७९ हे रंगीत टर्मिनल आलं आणि पंचाईत झाली. आठ वर्षांत लोकांनी ढीगभर प्रोग्रॅम लिहून ठेवलेले. रंगासाठी ते सगळे पुन्हा कोण लिहिणार? म्हणून जुन्या नियमांतूनच रंग काढले. लिहिता येण्याजोगी साधी चौकट हिरवी, लिहिता येण्याजोगी ठळक लाल. हात लावायचा नाही अशी साधी चौकट निळी, आणि तशीच ठळक पांढरी. जुना प्रोग्रॅम एका अक्षराचाही बदल न करता चार रंगांत दिसू लागला!

मला यातली गंमत अशी वाटते, की १९७४ साली कुण्या प्रोग्रॅमरने 'खाते क्रमांक' या शब्दांवर 'हात लावू नये' अशी खूण केली, तेव्हाच त्याने ते शब्द निळे करून ठेवले होते. त्या बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता.

पुढे सात रंगांची सोय होतीच. निळा, लाल, गुलाबी, हिरवा, फिरोजी, पिवळा आणि पांढरा. पांढऱ्याला तिथे 'न्यूट्रल' म्हणतात! चौकटीच्या व्याख्येत 'कलर' लिहून पुढे रंगाचं नाव घालायचं, की झालं. व्हीटी१०० वगैरेंच्या घराण्याची रीत अगदी वेगळी. तिथे चौकटी नाहीतच, मजकुराच्या ओघात '३१' असा संकेत आला की पुढचं सगळं लाल, '०' येईपर्यंत. लाल पेन हातात घेऊन ठेवायला विसरण्यासारखं. असो.

पण काळ्यावर निळा हा वाचायला सगळ्यांत अवघड. तरुण डोळ्यांतही निळ्याच्या पेशी थोड्याच असतात. आणि निळं काय होतं? तर कोणत्या चौकटीत काय भरायचं, ते सांगणारे शब्द.

हे वाचताना मला माझा फळा आठवला. महत्त्वाच्या सनावळ्या मी लाल खडूने लिहायचो. मधल्या बाकावरचा एक मुलगा फळ्यावरचं सगळं उतरवून घ्यायचा, सनावळ्या सोडून. त्याला मी आळशी म्हणालो, वर्गासमोर, एकदा नव्हे अनेकदा. काहींना लाल रंग काळपटच दिसतो, म्हणजे काळ्या फळ्यावर दिसतच नाही, हे मला निवृत्तीनंतर कळलं. त्या मुलाचा पत्ता आज माझ्याकडे नाही.

सूनबाईला हे सांगितलं. ती तेव्हा एक नवा पडदा तयार करत होती. तिने नावांच्या चौकटींना निळ्याऐवजी फिरोजी रंग दिला. दोन दिवसांनी वरून शेरा आला, 'नियमावलीप्रमाणे निळा ठेवावा.' तिने निळा ठेवला. मग आपल्या संगणकाच्या सेटिंगमध्ये जाऊन तो निळा तिच्यापुरता जरा उजळ करून घेतला, आणि मला बोलावून विचारलं, "आता दिसतंय, बाबा?"