नेटिव्ह कुठलं?

१९०८ साली छापलेल्या इम्पीरियल गॅझेटिअरच्या बाराव्या खंडात एरंडोलच्या वाट्याला मोजक्याच ओळी आल्या आहेत. गाव जुनं, इथला जाडाभरडा ‘नेटिव्ह’ कागद एके काळी नावाजलेला, आणि तो धंदा अजून पुरता बुडालेला नाही, असं त्यात म्हटलं आहे. जाडाभरडा म्हटल्यावर कागद कसा ते कळतंच. ‘नेटिव्ह’नं त्याची जागाही ठरवून टाकली: विलायती मालाच्या खालची.

शब्द मूळचा लॅटिन, अर्थ साधा, ‘जन्मानं तिथला’. कंपनी सरकारच्या दप्तरात मात्र तो पायरी दाखवू लागला. १ जानेवारी १८१८ला कोरेगावला लढली ती पलटण बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीची. मुंबईत कोटाबाहेरची वस्ती ‘नेटिव्ह टाउन’.

गंमत पुढे आहे. हे विशेषण आपल्या लोकांनी आपल्याच पाट्यांवर लावून घेतलं. बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीत बाळशास्त्री जांभेकर डेप्युटी नेटिव्ह सेक्रेटरी होते. १८४८ची पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी म्हणजे आजचं पुणे नगर वाचन मंदिर. १८६४ साली विश्वनाथ नारायण मंडलिकांनी पत्र काढलं ‘नेटिव्ह ओपिनियन’, आणि १८७५ साली मुंबईच्या दलालांनी नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन स्थापली, तोच पुढचा शेअरबाजार. याला लाचारी म्हणणं मला पटत नाही. ‘नेटिव्हांचंही मत असतं’ हे साहेबाला त्याच्याच शब्दात ऐकवण्यात थोडा खवचटपणा होता. मराठीत लिहिताना हीच मंडळी ‘एतद्देशीय’ लिहीत. तो शब्द भारदस्त खरा, पण बोलताना दाताखाली येणारा.

१८८५ साली पलटणींच्या नावांतून ‘नेटिव्ह’ गळला. संस्थांच्या नावांतूनही तो हळूहळू गेला. ‘देशी’ हा त्याचा मराठी भाऊ मात्र अजून दोन्ही दगडांवर पाय देऊन उभा आहे. दारू देशी म्हटली की नाकं मुरडायची. गाय देशी म्हटली की दुधाचा भाव वाढतो. आता इंग्रजीतही नेटिव्ह वधारला आहे: नेटिव्ह झाडं लावा म्हणतात, आणि मोबाइलवरचं नेटिव्ह अ‍ॅप चांगलं चालतं म्हणे.

मुंबईच्या बोलण्यात तर तो विशेषण उरलाच नाही, नाम झाला. “तुमचं नेटिव्ह कुठलं?” असं कल्याणच्या फलाटावर कुणी विचारलं, तर एरंडोलचा माणूस आधी “जळगाव” म्हणतो. विचारणारा चाळीसगाव-पारोळ्याकडचा निघाला, तर “एरंडोल”. आणि “एरंडोल म्हणजे खास एरंडोल का?” असं पुढे आलं, की “नाही, कासोद्याच्या अलीकडे” इथपर्यंत गाडी येते. तोवर दोघं अहिराणीवर उतरलेले असतात, आणि तिथे नेटिव्ह लागत नाही: “तुमनं गाव कोनतं?”