चाकाचा रंग : आळंदी रस्त्यालगतच्या एका कारागिरीचा पूर्वेतिहास

पुण्याहून आळंदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर विश्रांतवाडी वाढली ती चाकांच्याच वर्दळीत. मात्र ही चाके लाकडाची होती तोवर त्यांच्या रंगाची कोणाला फारशी चिंता नव्हती. बैलगाडीच्या चाकात मधला तुंबा, त्यात बसवलेले आरे, आऱ्यांची टोके धरणारे पाटे आणि या सर्वांना बाहेरून आवळणारी लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, असे भाग असत. लोहार धाव तापवून चढवी, तिच्यावर पाणी ओतले की ती आकसून घट्ट बसे, आणि पुढे रस्त्यावर ती इतकी घासली जाई की तिच्यावर गंज साठण्यास अवसरच मिळत नसे. गाडीवानाचे लक्ष रंगापेक्षा कण्याच्या वंगणाकडे असे. चाकाला रंगाचा आधार लागू लागला तो पोलादी पत्र्याची रिम आल्यावर, कारण रिम रस्त्याला टेकत नाही, तिच्यावर चिखलपाणी मात्र सतत उडते, आणि टायर व रिम यांच्यामधील खाचेत शिरलेला ओलावा सहजी दिसतही नाही आणि सुकतही नाही.

मोटारींच्या पहिल्या पिढीत रंगकाम घोडागाडीच्या परंपरेनेच चाले. तेलावर आधारलेले रंग आणि वार्निश ब्रशने थरावर थर देत, प्रत्येक थर वाळवून घासत, एक गाडी पुरी होण्यास कित्येक आठवडे लागत. हा काळ दोन शोधांनी कमी केला, आणि त्यांपैकी एक वैद्यकातून आला. अमेरिकेतील टोलेडो शहरातले डॉ. ॲलन डीव्हिल्बिस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घशात औषधाचा फवारा मारण्याचे उपकरण तयार केले, आणि त्यांचे पुत्र थॉमस यांनी १९०७ साली त्याच तत्त्वावर रंगाची स्प्रे गन बनवली. दुसरा शोध नायट्रोसेल्युलोज लॅकरचा होय. यातील थिनर, म्हणजे रंग पातळ ठेवणारा द्रावक, उडून गेला की थर काही मिनिटांतच वाळतो. ड्यूपाँ कंपनीचे असे लॅकर ड्यूको या नावाने १९२३-२४ च्या सुमारास जनरल मोटर्सच्या ओकलंड मोटारींवर आले, आणि पुढे भारतातील गॅरेजांत गनने मारलेल्या कोणत्याही रंगाला ड्यूको म्हणण्याचा परिपाठ पडला.

कारखान्याने चाकाला पुढे जो मान दिला, तो गॅरेजने कधीच दिला नाही. फोर्ड कंपनीत जॉर्ज ब्रुअर यांच्या देखरेखीखाली विद्युत-लेपनाची पद्धत विकसित झाली, तेव्हा १९६१ साली तिचा पहिला हौद चाकांसाठी उभा राहिला. मोटारीच्या सांगाड्याचा क्रम त्यानंतर, १९६३ मध्ये लागला. या पद्धतीत भाग पाण्यात मिसळलेल्या रंगात बुडवून वीजप्रवाह सोडतात, त्यामुळे रंगाचे कण ओढले जाऊन आतल्या कोपऱ्यांपर्यंत जवळपास सारख्या जाडीने बसतात आणि नंतर भट्टीत भाजून पक्के होतात. डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात मात्र क्रम नेमका उलटा होता. तेथे दर ठरे तो बॉडीच्या रंगावर, आणि रिमला उरल्यासुरल्या वेळात, टायर न उतरवताच, ब्रशने सिल्व्हर, म्हणजे ॲल्युमिनियमचा चंदेरी रंग, मारली जाई.

पुण्याच्या या बाजूला ही सिल्व्हर विशेष खपली, यात नवल नाही. खडकी आणि देहूरोड येथे लष्कराची वर्कशॉप आणि डेपो होते, १९६० नंतर पिंपरी, आकुर्डी व चिंचवड या पट्ट्यात बजाज, टेल्को आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे उद्योग उभे राहिले, आणि विश्रांतवाडीच्या दक्षिणेला आळंदी रस्त्यावरच फुलेनगर येथे परिवहन कार्यालयाचे केंद्र आले. रिक्षा, टेम्पो, ट्रक अशा व्यावसायिक वाहनांना ठरावीक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यालाच चालक ‘पासिंग’ म्हणतात. पासिंगच्या आदल्या दिवशी गाडीला, आणि गाडीसोबत रिमलाही, रंगाचा हात फिरवणे हा जणू विधीच होऊन बसला. त्या रंगामागे हेतू टिकण्याचा नव्हता, तपासणीपुरते स्वच्छ दिसण्याचा होता. तरीही सिल्व्हर अगदीच कुचकामी नव्हती, कारण तिच्यातील ॲल्युमिनियमचे सूक्ष्म पापुद्रे थराच्या वरच्या बाजूस येऊन कौलांप्रमाणे एकावर एक बसतात आणि पाण्याला आत शिरण्यास आडवळणाची वाट धरावी लागते. गंज खरवडून, खाली रेड ऑक्साइडचा प्रायमर देऊन ती मारली, तर काही पावसाळे निभावत. गंजावरच मारली, तर एका पावसाळ्यात तिचे पोपडे सुटत.

मोटारमालकाच्या हाती स्वतः फवारा आला तो डब्यातल्या रंगामुळे. दाबाखालील वायूने द्रव फवारण्याची कल्पना नॉर्वेच्या एरिक रोटहाइम यांनी १९२० च्या दशकात मांडली होती, पण रंगाचा पहिला यशस्वी डबा १९४९ साली अमेरिकेत एडवर्ड सेमूर यांनी काढला, आणि योगायोग असा की त्यांना दाखवायचा होता तो ॲल्युमिनियमचाच रंग. ओझोनच्या थराला घातक ठरलेले वायू १९८७ च्या माँट्रियल करारानंतर मागे पडले आणि डब्यांत मुख्यतः ज्वलनशील वायू आले. इमारतीच्या बंद पार्किंगमध्ये फवारणी करणाऱ्याने हे विसरणे परवडणारे नाही. याच सुमारास, १९९० नंतर, भारतीय मोटारींना ॲलॉय व्हील येऊ लागली. ॲलॉयला पोलादासारखा तांबडा गंज धरत नाही. परंतु दगडाचा टवका उडून वरचा पारदर्शक थर फुटला की ओलावा त्याखाली दोऱ्यासारख्या रेषांनी पसरत जातो, आणि वरून कितीही रंग मारला तरी या रेषा खालून पुन्हा वर येतात.

धानोरी, टिंगरेनगर आणि विश्रांतवाडीच्या सोसायट्यांत घरच्या घरी केलेला रंग टिकतो की नाही, हे बहुतांशी फवारण्यापूर्वीच ठरते. ब्रेकची काजळी आणि ग्रीस धुऊन काढणे, सुटलेला थर वॉटर पेपरने, म्हणजे पाण्यासह वापरायच्या घासकागदाने, पक्क्या थरापर्यंत घासणे, त्याची कड बोटाला लागणार नाही इतकी उतरती करणे, ही कामे डब्याने हलकी केली नाहीत. पूर्वी ती गॅरेजातला पोऱ्या करी, आता मालक करतो, एवढाच फरक. नट बसण्याची खोलगट जागा मास्किंग टेपने झाकावी लागते, कारण तेथील रंगाचा जाड थर दाबाने चेपला की नट सैल होतो. पावसाळ्यात आणखी एक अडचण येते : थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतील बाष्प त्यावर जमते आणि लॅकरला पांढुरकी झाक येते. जुने रंगारी जून ते सप्टेंबर या काळात लॅकरचे काम टाळत, ते या अनुभवाने.

साधा डबा एकघटकी असतो, म्हणजे त्यातला रंग केवळ थिनर उडून वाळतो, आणि पेट्रोलचा थेंब पडला तरी मऊ पडू शकतो. टू-के क्लिअरमध्ये, म्हणजे दोन घटकांच्या पारदर्शक थरात, हार्डनर मिसळून रासायनिक बंध तयार होतात, म्हणून तो पेट्रोलला आणि ब्रेकच्या उष्णतेला अधिक तोंड देतो. मात्र त्यातील आयसोसायनेट फुप्फुसांना अपायकारक असल्याने साधा कापडी मास्क पुरत नाही. पावडर कोटिंगचा पर्याय घरात जमण्यासारखा नाही, कारण पावडर वितळून बसण्यास सुमारे १८० ते २०० अंश सेल्सियसची भट्टी लागते आणि टायर उतरवावा लागतो. टू-केच्या डब्याच्या तळाची कळ दाबून आतली हार्डनरची कुपी एकदा फोडली की रंग एक-दोन दिवसांत डब्यातच घट्ट होतो, त्यामुळे चार चाके एका सुटीत उरकण्याची घाई होते, आणि पाचवे, स्टेपनीचे, बहुधा तसेच राहते.