गोवा जनमत कौल : मतदार-प्रबोधन
गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की केंद्रशासित ठेवावा, या प्रश्नावर १६ जानेवारी १९६७ रोजी कौल घेण्यात आला. निवड उमेदवारांतून नव्हती. विलीनीकरणासाठी फूल व केंद्रशासित प्रदेशासाठी दोन पाने ही चिन्हे होती. त्यामुळे कोणते चिन्ह कशासाठी, हे गावोगाव समजावणे हेच प्रचाराचे अर्धे काम होऊन बसले. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून विलीनीकरणवादी मुख्यमंत्री दयानंद बांदोडकरांचे मंत्रिमंडळ आधीच पायउतार झाले होते. मराठीच्या नावाने मागितलेल्या विलीनीकरणाला शह दिला तो ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकानेच, हे विशेष. त्यातील उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर गाजले. उल्हास बुयांव यांनी कोकणी गाण्यांतून विलीनीकरणाविरुद्ध प्रचार केला. विलीनीकरणाविरुद्ध १,७२,१९१, तर बाजूने १,३८,१७० मते पडली.