घरगुती क्रिप्टो मायनिंग, अखंड विद्युतभार व आगीचा धोका

बिटकॉइनचा पहिला ब्लॉक ३ जानेवारी २००९ रोजी तयार झाला, तेव्हा मायनिंगसाठी साधा संगणक पुरेसा होता. २०१३ पासून केवळ याच कामाची यंत्रे बाजारात आली आणि घरातील विजेचे गणित बदलले. २०२० मधील एका प्रचलित यंत्रास सुमारे ३,२५० वॅट वीज लागे. म्हणजेच २३० व्होल्टवर १४ अँपिअर, दिवसाला ७८ युनिट. मोठा गीझरही जवळपास तेवढीच वीज घेतो, पण पंधरा-वीस मिनिटेच. येथे भार रात्रंदिवस असतो व जवळजवळ सर्व वीज उष्णतेत रूपांतरित होते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, पारा ४० अंशांवर असताना, बंद खोलीतील ही उष्णता जाणार कोठे?

छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात ३ एप्रिल २०२४ रोजी पहाटे तळमजल्यावरील शिवणकामाच्या दुकानास आग लागली. वरच्या मजल्यावरील एकाच कुटुंबातील सात जण धुराने गुदमरून दगावले; त्यांत दोन बालके होती. चार्जिंगला लावलेल्या विद्युत दुचाकीविषयी त्या वेळी संशय व्यक्त झाला. मायनिंगचा तेथे संबंध नव्हता. तथापि तो संशय ग्राह्य धरल्यास, घरचे झोपलेले असताना चालू राहणारा विद्युतभार हा धागा समान ठरतो.

स्वतंत्र वायरिंग व योग्य क्षमतेची एमसीबी आवश्यक आहेच. परंतु एमसीबी अतिभार ओळखते, सॉकेटमधील सैल जोडणीचे तापणे ओळखत नाही. त्यामुळे झोपण्याच्या खोलीजवळ धूरसूचक यंत्र असणे अधिक निकडीचे वाटते.