नखीची वंशावळ

बार उडाल्यावर रिकामी पुंगळी ओढून काढायची, ही कटकट रायफलीच्या मागे धातूच्या काडतुसानं लावली. १८४१ साली प्रशियानं स्वीकारलेल्या ड्रायझच्या बोल्टवाल्या रायफलीत काडतूस कागदी होतं. ओढून काढावं असं मागे फारसं काही उरत नसे. पितळेची पुंगळी मात्र दाबानं फुगून चेंबरला घट्ट बसते आणि आकसली तरी आपणहून बाहेर येत नाही. म्हणून बोल्टच्या तोंडाशी तिची कड पकडणारी नखी आली: एक्स्ट्रॅक्टर. १८७१ च्या माउझरमध्ये ती होती, पण पुंगळी बाहेर फेकणारा इजेक्टर नव्हता. शिपायानं रायफल कलती करून ती पाडायची.

१८९० च्या दशकात पॉल माउझरनं नखीला बोल्टच्या कडेनं जाणारी लांब पोलादी पट्टी केलं. बोल्ट फिरला तरी ती फिरत नाही. मॅगझिनमधून वर येणारं काडतूस चेंबरमध्ये शिरण्याआधीच तिच्याखाली सरकतं. १८९८ च्या मॉडेलात तिला बोल्टच्या खाचेत अशी अडकवली, की जोर वाढला तरी ती कडेवरून सुटू नये.

ब्रिटिशांच्या ली-एनफील्डची नखी आखूड. बोल्टच्या डोक्यात स्क्रूवर बसवलेली, सहज बदलता येणारी. १९६० च्या दशकात भारतातल्या ईशापूरच्या कारखान्यानं हीच रायफल ७.६२ मि.मी. काडतुसासाठी घडवली. तिच्या मूळच्या .३०३ काडतुसाची बाहेर आलेली कड या काडतुसाला नाही, त्यामुळे नखीही बदलावी लागली.

अमेरिकेत काटकसरीनं वेगळा फाटा फोडला. १९४८ च्या रेमिंग्टन ७२१ मध्ये काडतुसाचं बूड पोलादी कड्यानं वेढलं आणि आत पातळ, वळवलेली नखी बसवली. १९६४ साली विंचेस्टरनंही मॉडेल ७० मधली माउझर पद्धतीची पट्टी काढून टाकली. ग्राहक इतके नाराज झाले, की १९९० च्या दशकात कंपनीला ती परत आणावी लागली.

या प्रत्येक घडणीत वापरणाऱ्याचा हात गृहीत धरलेला आहे, आणि गृहीतक चुकलं की नखी तुटते. माउझरची पट्टी मॅगझिनमधून भरणाऱ्या शिपायासाठी होती. एकच काडतूस हातानं चेंबरमध्ये टाकून बोल्ट दामटला, तर तिला कडेवरून उडी मारावी लागते. अशा सवयीनं तिच्या कोपऱ्याचा टवका उडून जातो. रेमिंग्टनची नखी दर वेळी अशीच उडी मारते, त्यासाठीच ती केलेली. पण तिची पकड लहान, आणि चिकटलेल्या पुंगळीचा सगळा ताण त्या पातळ पोलादावर येतो.

खरं तर पुंगळी सैल करायचा पहिला जोर बोल्टची मूठ वर उचलताना उताराच्या घडणीतून मिळतो. नखीनं तो पुंगळीपर्यंत पोचवायचा असतो. म्हणून दुरुस्तीआधी खुणा पाहाव्यात. नखीचा टवका उडाला असेल, तर भरण्याची पद्धत तपासावी. नखी शाबूत असून सुटत असेल, तर स्प्रिंग थकली आहे किंवा खाली मळ साचला आहे. आणि नखी धड, पण पुंगळीचीच कड फाटली असेल, तर नवी नखी बसवून उपयोग नाही. दोष गंजलेल्या चेंबरचा किंवा अतिदाबाच्या काडतुसाचा असू शकतो.